पुढच्या कप्प्याचं झाकण

हौस कुणाला कसली असेल सांगता येत नाही. आमच्या ह्यांना होडीची होती. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या माणसाने. वर-खाली, वर-खाली. निवृत्त झाल्यावर म्हणतात कसे, "आता जरा आडवं जायचंय."

मी म्हटलं, आडवं व्हायचंय तर दुपारचे पलंगावर पडा की! पण ऐकतील तर शपथ. घरामागच्या पत्र्याच्या शेडमधली सगळी अडगळ बाहेर काढली, पातळ प्लायवूडचे तक्ते आणले आणि कयाक बांधायला घेतली. कयाक म्हणजे एका माणसाची लांबोडकी होडी. दोन्ही टोकांना निमुळती, वरून डेक घालून बंद केलेली, मधे फक्त बसायला एक भोक. त्या भोकाच्या पुढे एक आडवी भिंत असते आणि मागे एक. त्यामुळे पुढे एक बंद कप्पा होतो, मागे एक. कप्प्यात सामान ठेवायचं. आणि होडी उलटलीच तर त्या कप्प्यांतल्या हवेवर ती तरंगते. हे मला पाठ आहे, कारण जेवायला बसलं की आमच्याकडे दुसरा विषयच नसायचा.

मी शर्टांच्या कारखान्यात होते. आधी कटिंगच्या टेबलावर, मग चेकिंगला. माझ्या हाताखालून गेलेला शर्ट कधी परत आला नाही, हे मी छातीठोक सांगते. कारण साधं आहे. मी प्रत्येक शर्ट उलटा करून बघते. वरून काय, सगळेच शर्ट देखणे. शिवण आतून बघायची असते. ह्यांना तेव्हाच विचारलं होतं, "तुमची ही होडी उलटी करून आतून कशी बघणार हो?"

"झाकणं असतात ना," हे म्हणाले. "झाकण काढायचं, डोकं घालायचं, बघायचं."

मागच्या कप्प्याचं झाकण त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत केलं. त्यातली गंमत अशी, की झाकणाला वेगळं लाकूड आणायचं नाही. बारीक पात्याच्या करवतीने डेकमध्येच लांबट गोल कापायचा आणि जो तुकडा निघेल तोच झाकण म्हणून परत त्या जागी बसवायचा. म्हणजे लाकडाच्या रेषा डेकवरून झाकणावर सलग जातात. चौकडीच्या शर्टाला खिसा लावताना चौकड्या जुळवतो ना, तसं. जुळल्या की खिसा आहे हेच कळत नाही. मी बोटाने चाचपून बघितलं आणि म्हटलं, "बरं जमलंय." माझ्याकडून एवढं ऐकायला मिळालं, तर माणूस आठवडाभर शीळ घालत फिरत होता.

पुढच्या कप्प्याचं झाकण राहिलं ते राहिलंच.

त्या दिवशी मी कामावर होते. पुढचा डेक चिकटवून झाला होता. आता आडवी भिंत वर जिथे डेकच्या पोटाला टेकते, ती शिवण आतून इपॉक्सीने, म्हणजे वाळल्यावर दगडासारखा होणाऱ्या डिंकाने, भरायची होती. शिवण हा माझा शब्द. ते जोड म्हणायचे. जागा मोठी अडचणीची. बसायच्या भोकातून कमरेपर्यंत आत शिरायचं, काठीला ब्रश बांधायचा आणि नुसत्या अंदाजाने भरत जायचं. कारण भिंतीच्या अलीकडेच डेकच्या पोटाला एक आडवी पट्टी आहे, तिच्यामागचं काही दिसत नाही. भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, पलीकडच्या गल्लीत राहतात. ते आले तेव्हा हे कमरेपर्यंत आत होते. भाऊजींनी आधी थट्टाच केली, "दादा, आत झोप काढतोयस की काय?"

डॉक्टर म्हणाले, हृदय एकदम बंद पडलं, त्यांना काही कळलंही नसेल. डॉक्टरांना काय माहीत, त्यांना काय कळलं नि काय नाही? हातातला ब्रश वाळून दगड झाला होता. ती शिवण भरून झाली होती की अर्धी राहिली होती, हे विचारायचं तेव्हा कुणाला सुचलं नाही. आणि पुढे विचारायला माणूस नव्हता.

पहिल्यांदा टकटक ऐकली ती उन्हं तापायला लागल्यावर.

ह्यांची एक सवय होती. जोड नीट भरलाय का ते बोटाचं पेर वाजवून बघायचे. टक टक. जरा पुढे सरकून परत टक टक. आवाज भरीव आला की पुढे जायचे. पोकळ आला की तिथेच थांबून कान लावायचे आणि तीच जागा पुन्हा पुन्हा वाजवायचे. मी शेडमध्ये बादली घ्यायला गेले होते, तर पुढच्या कप्प्यातून तोच आवाज. आतून. टक टक, जरा डावीकडे, टक टक. असं करत डेकखालून डाव्या कोपऱ्यापर्यंत गेला, तिथे अडला, तिथेच वाजत राहिला. मग बंद झाला आणि परत उजवीकडून सुरू.

माझ्या तोंडातून एवढंच निघालं, "अहो?"

आवाज थांबला. मी बादली तिथेच टाकली आणि घरात येऊन दाराला कडी घातली.

भाऊजींना बोलावून आणलं. त्यांनीही ऐकलं. तोंडावरचा रंग उडाला त्यांचा, पण जिभेचा नाही उडाला. म्हणाले, "वहिनी, त्यात काही नाही. कप्पा चारी बाजूंनी बंद आहे. पत्रा तापला की आतली हवा फुगते, तिला जायला जागा नाही, मग प्लायवूड वाजतं. तेलाचा रिकामा डबा उन्हात ठेवला की वाजत नाही का?"

"डबा असा सरकत सरकत वाजतो?"

"लाकूड आहे ते, कुठे कमी तापतं, कुठे जास्त," असं म्हणून ते निघाले. इतकं सगळं समजावून सांगणारे भाऊजी त्यानंतर एकटे त्या शेडमध्ये कधी गेले नाहीत. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो असा.

मी मात्र जायला लागले. हे गेल्यापासून कारखाना सोडलाच होता. भीतीसुद्धा रोज भेटली की ओळखीची होते. दुपारी जेवण झालं की भाजी निवडायला, बटणं लावायला, काही ना काही निमित्त काढून शेडमध्ये जाऊन बसायची. पत्रा तापायचा आणि टकटक सुरू व्हायची. मी बोलायची. शेजारणीने कचरा आपल्या दारात लोटला ते सांगायची, भाऊजींनी केस काळे केले ते सांगायची. "ओळखू येत नाहीत हो, लहान मुलाने बापाचा विग घातल्यासारखे दिसतात!" जिवंतपणी ह्या माणसाने माझ्या दहा वाक्यांना एक हुंकार दिला असेल तर देवाची कृपा. आता निदान टकटक तरी होती.

आणि खरं सांगते, मला बरं वाटायचं. अंगावर काटा यायचा आणि बरंही वाटायचं. वाटायचं, मी एकटी पडेन म्हणून हे गेलेच नाहीत, इथेच थांबलेत. हे मी कुणापाशी बोलले नाही. बोलले असते तर म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणून मोकळे झाले असते सगळे.

मग लेक आली. माझी लेक पोहायला शिकवते, पाण्यातच वाढली म्हणा ना. सुट्टी काढून आली आणि म्हणाली, "आई, बाबांची होडी घेऊन जाते. आमचा ग्रुप समुद्रातल्या बेटांवर चाललाय. सगळ्यांच्या कयाक आहेत. मी बाबांची नेणार."

मी म्हटलं, "अगं, पण पुढचं झाकण कुठे झालंय?"

"नकोच ते," ती म्हणाली. "सामानाला मागचा कप्पा पुरे. पुढचा बाबांनी बंद केलाय, तसाच राहू दे. त्यांच्या हातचं आहे, मला त्यावर करवत चालवायची नाहीये."

"आणि आतली शिवण? ती पुरी झाली होती का नाही, कुणी बघितलंय?"

भाऊजी तिथेच चहा घेत होते. ते म्हणाले, "त्याचा पुरावा आहे ना वहिनी. टकटक वाजतं ते का? आत हवा कोंडलीय म्हणून. फट असती तर हवा निघून गेली असती आणि काही वाजलंच नसतं. वाजतंय म्हणजे शिवण पुरी आहे."

"कसली टकटक?" लेकीने विचारलं.

मी तिला दुपारी शेडमध्ये नेलं. पुढचा डेक वाजत होता, मला स्वच्छ ऐकू येत होतं, आवाज डाव्या कोपऱ्यात येऊन अडला होता. लेक कान लावून उभी राहिली आणि म्हणाली, "पत्रा तडतडतोय गं आई, दुसरं काही नाही." तिला ऐकू आलं नाही. तिच्या बापाचा आवाज, आणि तिलाच ऐकू आला नाही.

भाऊजींचं बोलणं मी अगदी गोड मानून घेतलं. मला तेच हवं होतं. कप्पा कापला की हे जाणार, हे मला आतून ठाऊक होतं. कुणी सांगितलं नव्हतं, पण ठाऊक होतं. न कापता पोर जाऊन येईल, होडी परत शेडमध्ये येईल, आमच्या दुपारी आम्हाला परत मिळतील, असा माझा हिशेब. सगळं कसं छान बसत होतं, आणि तेच मला खुपत होतं. चेकिंगच्या टेबलावर जो शर्ट फार छान बसतो ना, तो मी आधी उलटा करते.

कारण समजा शिवण पुरी नसेल, तर? साध्या पाण्यात कळणारही नाही. फट वर, डेकच्या पोटाशी. बसायच्या जागेत पाणी भरून बघितलं तरी तिथवर चढणार नाही. पण समुद्रात होडी उलटली की वरचं खाली होणार, आणि पाणी त्या फटीतून सरळ पुढच्या कप्प्यात. मग सरळ केली तरी पुढचं नाक पाण्याखाली जाणार. आणि पोर मधल्या समुद्रात.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ह्यांनाच विचारलं. डेकवर हात ठेवला आणि म्हटलं, "सांगा आता तुम्हीच. कापू का?"

टकटक सुरू झाली ती एकदम डाव्या कोपऱ्यातच. आज सरकणं नाही, थांबणं नाही. एकाच जागी, जोरात, माझ्या तळहाताखाली. मी हात काढून घेतला तरी चालूच. उन्हं उतरून पत्रा गार पडला तरी चालू होती, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. मला वाटलं, हे नको म्हणतायत, मला बंद राहू दे म्हणतायत. आपल्याला एखादी गोष्ट नको असली की समोरचा काहीही बोलो, आपल्याला "नको" असंच ऐकू येतं.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. एकीकडे हे, एकीकडे ती. उलटा करून न बघितलेला शर्ट मी कधी परक्याच्या अंगावर जाऊ दिला नाही, आणि ही तर पोटची पोर. गेलेल्या माणसाला धरून ठेवायला मी जितीजागती लेक पणाला लावू? सकाळी उठले आणि लेकीला म्हटलं, "झाकण होणार. रडायचं असेल तर आत्ताच रडून घे. मीपण घेते."

तिने खूप वाद घातला. बाबांच्या आठवणीवर करवत चालवतेस म्हणाली. मी म्हटलं, "तुझे बाबाच म्हणाले होते, झाकण काढायचं, डोकं घालायचं, बघायचं. बघून झालं की खुशाल जा." मग ती कागद शोधायला उठली. खवट बोलते मी, मला माहीत आहे.

मागच्या झाकणावरून कागदाचा पॅटर्न कापला आणि तो पुढे ठेवून भाऊजींनी पेन्सिलीची रेघ मारली. करवत त्यांच्याच हातात होती, पण ती लाकडाला टेकवायलाच ते धजेनात, म्हणून मी काढून घेतली. "द्या इकडे. कटर मी आहे."

आधी रेघेवर ड्रिलने एक भोक पाडायचं, म्हणजे त्यात करवतीचं पातं घालता येतं. पत्रा चांगला तापला होता. भाऊजी म्हणाले, "वहिनी, ड्रिल आरपार गेलं की कोंडलेली हवा फुस्सकन निघेल. दचकू नका."

ड्रिल आरपार गेलं. फुस्स नाही की काही नाही. मी भाऊजींकडे बघितलं. ते म्हणाले, "निघाली असेल हळूहळू," आणि दुसरीकडे बघायला लागले.

कापायला लागले. दात ओठ खाऊन कापत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी त्याला भुसा जातोय म्हणत होते. पुढच्या वळणावर भाऊजी एकदम ओरडले, "वहिनी, रेघ! रेघेवरून चला!" बघते तर काय, मी रेघेच्या बोटभर बाहेरून चालले होते. जन्म गेला कापड कापण्यात. हात आपोआप शिलाईला जागा सोडत होता. आता लाकडाला कसली आलीय शिलाईची जागा! हळूच परत रेघेवर आले, पण झाकणाला त्या बाजूला पोट सुटलं ते सुटलंच. लेक हसली, तशी मीही हसले. शेडमध्ये आम्ही तिघं हसत होतो आणि तेवढ्यात पात्याचा आवाज बदलला, तुकडा सुटला.

मी तो उचलला आणि तोंड आत घातलं. इपॉक्सी, लाकडाचा भुसा आणि ह्यांच्या खिशात कायम असायच्या त्या खोकल्याच्या गोळ्या, असा वास. ह्यांचा वास. एक श्वास भरून घेतला. दुसरा घेतला तोवर नुसतं लाकूड राहिलं होतं.

"टॉर्च घे," मी लेकीला म्हटलं. "बसायच्या भोकातून हात आत घाल आणि त्या आडव्या पट्टीच्या मागे धर. खालपासून वर, उजवीकडून डावीकडे नेत जा."

मी झाकणाच्या जागेतून बघत होते. भिंत आणि डेक यांच्यामधून इपॉक्सी अलीकडे पाझरून आलेलं दिसत होतं. उजवीकडून छान, भरघोस, एकसारखी शिवण. मधे जरा बारीक झाली. मग हात हलल्यासारखी वाकडी झाली. मग ब्रशाचे केस चिकटलेले दिसले. आणि त्याच्यापुढे, डाव्या कोपऱ्यात, बोटभर लांबीची फट होती. तिच्यातून टॉर्चचा उजेड सरळ माझ्या डोळ्यांत आला.

इथपर्यंत ते होते, आणि पुढे नव्हते.

मी बाजूला झाले. लेकीने बघितलं आणि जमिनीवर बसकण मारली. मग भाऊजींनी डोकं घातलं. बराच वेळ ते बाहेर आले नाहीत. आले ते मला बोटाने माप दाखवतच.

"वहिनी, एवढी फट असेल तर आत हवा कोंडणारच नाही."

"नाही."

"पहिल्या दिवसापासून हवा ये-जा करतेय. मग प्लायवूड वाजायला कारणच नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मग वाजत काय होतं?"

पत्रा तापून कडकडीत झाला होता आणि होडी गप्प होती. भाऊजी बाहेर जाऊन भर उन्हात उभे राहिले.

ती शिवण मी पुरी केली. वाळलेल्या इपॉक्सीवर नवीन धरत नाही, त्यामुळे आधी पॉलिशपेपरने घासावं लागतं. ते ब्रशाचे केसही घासून काढावे लागले. हात चालत नव्हता माझा. "अहो, मी पुसत नाहीये हो तुमचं, पुढे नेतेय," असं म्हणत घासलं. मग इपॉक्सीत लाकडाचा बारीक भुसा कालवला, कणकेसारखा घट्ट केला आणि बोटाने फटीत दाबत गेले. त्यांची शिवण जिथे थांबली तिथून कोपऱ्यापर्यंत. वरून काचेच्या धाग्याची पट्टी. दुसऱ्या दिवशी टॉर्च लावून बघितलं, उजेडाचा कण नाही.

मग झाकण. आता ते कसंतरी करून चालणार नव्हतं. भोकाच्या कडेला खालून प्लायवूडची पट्टी वळवून चिकटवली, म्हणजे झाकण टेकायला ओटा झाला. ओट्यावर रबरी पट्टी. रबराचा जोड कधी वळणावर घ्यायचा नाही, सरळ भागात घ्यायचा आणि तिरका कापायचा. हे मला कुणी शिकवायला नको, इलॅस्टिक जोडण्यात हयात गेली. झाकणाच्या पोटाला आकडे लावून आतून ताणाच्या दोऱ्या बसवल्या. दोऱ्या झाकण खाली ओढून धरतात, वरून काही दिसत नाही.

पाणी शिरेल का ते बघायला मी माझा कापडावर खुणा करायचा खडू काढला. रबरावर खडू फासायचा, झाकण दाबून बसवायचं, उचलायचं. झाकणाच्या खालच्या बाजूला खडूची रेघ सलग उमटली पाहिजे. सगळीकडे उमटली, फक्त जिथे झाकणाला पोट सुटलं होतं तिथे नाही. तिथे ओटा अपुरा पडत होता. भाऊजी म्हणाले, "चालेल हो एवढं." मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं, तसे ते निमूटपणे पट्टी कापायला गेले. ओटा वाढवला, रबर परत लावलं, खडू परत फासला. रेघ पुरी आली.

किनाऱ्याला उथळ पाण्यात लेकीने होडी मुद्दाम उलटी केली, आतमध्ये पाणी भरू दिलं, परत सरळ केली. पुढच्या कप्प्यात मी पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा ठेवला होता. झाकण काढून तो गालाला लावला. कोरडा ठणठणीत होता.

लेक गेली. जाताना माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "बरं झालं कापलंस." एवढं म्हणायला तिला किती जड गेलं असेल मला माहीत आहे. माझीच लेक ती.

बेटावरून तिचा फोन आला. बेटाकडे जाताना वारा फिरला, लाटा बाजूने आल्या आणि भर समुद्रात होडी उलटली. सरळ केली, परत उलटली. मधल्या जागेत काठोकाठ पाणी. "पण आई, ती बुडाली नाही गं. नाक वरच राहिलं. मी तिला धरून राहिले, मग बाकीचे आले. पुढचं झाकण उघडून बघितलं, आत एक थेंब नाही." ती रडत होती, मी "बरं, बरं" म्हणत होते. फोन ठेवून मी तिथेच खाली बसले.

भाऊजी आले होते. त्यांना सांगितलं. ते डोळे पुसत म्हणाले, "दादाने वाचवलं तिला."

"हो," मी म्हटलं.

खरंच आहे ते. कापल्या दिवसापासून टकटक आली नाही. उन्हं तापत होती, पत्रा तापत होता, मी रोज दुपारी जाऊन बसत होते. बोलून बघितलं, भांडून बघितलं. काही नाही. आता होडी लेकीकडेच असते आणि शेड मोकळी आहे, तरी जाते. मला वाटलं होतं, मी एकटी पडेन म्हणून हे थांबलेत. ते लेकीच्या शिवणीपायी थांबले होते. जिच्यासाठी ठोकत होते तिला कधी ऐकू आलं नाही, मला यायचं, आणि मी ते माझं समजून ऐकत बसले. रागवायचं तरी कुणावर? पोर सुखरूप आहे, मला आणखी काय हवं! पण कधीकधी त्या रिकाम्या शेडमध्ये इतका संताप येतो ह्यांचा. काम झालं तसे गेले. माझ्यासाठी म्हणून एक दुपार जास्त थांबले नाहीत.